स्लॅब पडला म्हणजे घर पक्के झाले का?
किल्लारीनंतर उभ्या राहिलेल्या आरसीसी इमारतींची तपासणी गावानेच सुरू करावी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यांतली गणपती विसर्जन करून झोपलेली गावे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगाच्या हिशेबात तो फार मोठा नव्हे. माणसे मारली ती दोन-अडीच फूट जाडीच्या मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि त्यावरच्या माळवदाच्या ओझ्याने. त्यातून मराठवाड्यातल्या माणसाने एकच धडा घेतला: दगडमातीत मरण आहे, सिमेंटात जीव वाचतो.

हा धडा अर्धा खरा आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी आज लिहावे लागत आहे, कारण गेल्या तीस वर्षांत गावोगाव माळवद गेले आणि स्लॅब आला. हातात चार पैसे आले की पहिले काम घराचे. रस्त्याला लागून जागा असेल तर खाली चार गाळे, वर राहायला घर. ग्रामपंचायत, शाळा, सोसायटीचे गोदाम, दवाखाना सगळे आरसीसी. २०२४ साली मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत भांडी वाजली. लोक घराबाहेर पळाले, पण दुपारी बहुतेक जण "आपलं घर आरसीसी आहे, काही होत नाही" म्हणून निवांत झाले. हा निवांतपणा तपासून पाहायला हवा.

आधी हे पाहा: तुमचे घर खरोखर 'फ्रेम'चे आहे का?

गावात स्लॅब असलेल्या प्रत्येक घराला आरसीसी म्हणतात. प्रत्यक्षात ही घरे दोन जातींची आहेत. एका जातीत विटांच्या किंवा दगडाच्या भिंती वजन पेलतात आणि स्लॅब नुसता त्यावर टेकलेला असतो. दुसऱ्या जातीत पायापासून कॉलम उठतात, त्यांना बीम जोडलेले असतात, वजन हा सांगाडा पेलतो आणि भिंती नंतर मधल्या जागेत भरल्या जातात. ही झाली आरसीसी फ्रेम.

पहिल्या जातीच्या घराला जोते, लिंटल आणि छताच्या पातळीवर चहूबाजूंनी सलग सिमेंटचे पट्टे असतील तर ते बरेच तग धरते. पट्टे नसतील आणि भिंत मातीत रचलेली असेल, तर वरचा स्लॅब म्हणजे नव्या रूपातले माळवदच. वजन तेच, जीव घेण्याची ताकदही तीच. दुसऱ्या जातीच्या घराचे बरेवाईट कॉलम, बीम आणि त्यांच्या सांध्यांवर ठरते. या लेखात मुख्यतः या दुसऱ्या जातीबद्दल बोलू.

भूकंप इमारतीला नेमके काय करतो?

रोजचे वजन वरून खाली येते. त्यासाठी आपला मिस्त्री कॉलम घालतो आणि तो ते पेलतोही. भूकंप मात्र आडवा हिसका देतो. भरधाव ट्रॅक्टरला अचानक ब्रेक लागला की ट्रॉलीतली उभी माणसे पुढे पडतात, तसे जमीन सरकली की वरचा स्लॅब मागे राहू पाहतो. स्लॅब जितका जड, तितका हिसका मोठा. प्रत्येक मजल्याचा हिसका खाली उतरत जातो आणि सगळ्यांची बेरीज तळमजल्याच्या कॉलमवर येते. म्हणून इमारत बहुधा खालून बसते.

भूकंपाची संहिता काय वचन देते तेही समजून घ्यावे. छोट्या धक्क्यात इमारतीला काही होऊ नये, मध्यम धक्क्यात भिंतींना तडे गेले तरी सांगाडा शाबूत राहावा, मोठ्या धक्क्यात सांगाडा वाकला, निकामी झाला तरी चालेल पण कोसळू नये, आतली माणसे बाहेर पडावीत. एवढेच ते वचन आहे. त्यासाठी कॉलम-बीमला वाकूनही न तुटण्याचा चिवटपणा लागतो. ओली फांदी वाकते, वाळलेली काडकन मोडते. काँक्रीट स्वतः वाळक्या फांदीसारखे आहे. त्याला चिवटपणा येतो तो सळई आणि रिंगांमुळे.

जबलपूर, अहमदाबाद, तुर्कस्तान

२२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या काही नव्या बहुमजली इमारतींत तळमजल्याच्या मोकळ्या पार्किंगचे कॉलम फाटले, वरचे मजले जवळजवळ जसेच्या तसे राहिले. इशारा तेव्हाच मिळाला होता.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. भूकंपकेंद्रापासून दोनशे किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या अहमदाबाद शहरात सुमारे १३० आरसीसी इमारती कोसळल्या. त्यांतल्या बहुतेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला होता. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, खाली नुसते खांब. वरचा भाग पेटीसारखा ताठ, खालचे पाय लुळे. सगळा हिसका त्या पायांनी घेतला आणि ते मोडले.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात एकाच दिवशी ७.८ आणि ७.५ तीव्रतेचे दोन भूकंप झाले. एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून अधिक लोक गेले. बहुतेक जण आरसीसी इमारतींखाली गेले, दगडमातीच्या नव्हे. त्या देशाकडे चांगली भूकंप संहिता होती. पण २०१८ साली पैसे भरून बेकायदा बांधकामे नियमित करून देण्याची मोठी माफी योजना तिथे राबवली गेली होती. दंडाची पावती कागदावर चालते, कॉलमला ती समजत नाही. आपल्याकडेही दंड भरून बांधकाम नियमित होते, तेव्हा सांगाडा कोण तपासतो, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आपला भाग त्या दर्जाचा धोक्याचा नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण १९९३ पूर्वी किल्लारीचा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारी-लातूरचा भाग तिसऱ्या विभागात गेला. सातारा जिल्ह्यातले कोयना तर १९६७ च्या ११ डिसेंबरपासून सर्वांना ठाऊक आहे. नकाशा चुकू शकतो, याचा दाखला आपल्याच मातीत आहे.

आपल्या गावातले ठरलेले दोष

तालुक्याच्या रस्त्याने जाताना नीट पाहा. खालील गोष्टी दर दहा-वीस इमारतींमागे दिसतील.

पहिला दोष गाळ्यांचा. मागे आणि दोन्ही बाजूंना भिंत, समोर नुसती शटरे. समोरची बाजू लुळी, मागची ताठ. धक्का बसला की इमारत एका बाजूला पिळली जाते आणि रस्त्याकडचे कॉलम सर्वांत जास्त सरकतात. अहमदाबादचे पार्किंग आणि आपले गाळे यांत फार फरक नाही. तळमजला असा मोकळा ठेवायचाच असेल तर त्याचे कॉलम-बीम नेहमीच्या अडीचपट जोरासाठी काढावेत, असे २००२ च्या संहितेने सांगितले होते. आपल्याकडे ते किती मिस्त्र्यांना कोणी सांगितले?

दुसरा दोष मजले चढवण्याचा. पाया आणि कॉलम एका मजल्याच्या हिशेबाने झालेले असतात. वर सळया काढून ठेवतात, "पोरगा मोठा झाला की वर बांधू." त्या सळया दहा पावसाळे गंजतात. मग त्याच गंजलेल्या सळयांना नवीन सळया तारेने बांधून दुसरा मजला, पुढे तिसरा. खालच्या कॉलमला कोणी विचारत नाही.

तिसरा दोष बारीक कॉलम आणि विरळ रिंगांचा. भिंतीबाहेर कोपरा दिसू नये म्हणून नऊ इंच बाय नऊ इंचाचा कॉलम. दोन सुती रिंग, त्याही आठ-दहा इंचांवर, टोके काटकोनात वळवलेली. हिसका बसला की वरचे कव्हर गळते, रिंगेचे तोंड उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. कॉलम-बीमच्या सांध्यात तर बहुतेक ठिकाणी एकही रिंग नसते, कारण तिथे घालायला अडचण होते.

चौथा दोष आखूड कॉलमचा. हा शाळांत जास्त. वर्गाच्या भिंती तीन-चार फुटांपर्यंत भरतात, वर लांब खिडक्यांची ओळ. मग कॉलमचा फक्त खिडकीएवढा तुकडा हलायला मोकळा राहतो. उंच कॉलम वाकून निभावतो, आखूड तुकडा तिरका फाटतो.

पाचवा दोष मालाचा. माल पातळ हवा म्हणून मिक्सरमध्ये बादलीने पाणी. मातीमिश्रित वाळू. व्हायब्रेटरऐवजी सळईने टोचणे. दोन दिवस पाणी मारले की झाले. आज बाजारात बहुतेक फ्लाय अ‍ॅशचे पीपीसी सिमेंट मिळते आणि ते जोर धरायला वेळ घेते. आपल्या उन्हात त्याला चौदा दिवस तरी ओलावा हवा.

तपासणीचे तीन टप्पे

उभ्या असलेल्या आरसीसी इमारतीचे भूकंपाच्या दृष्टीने मूल्यमापन कसे करावे यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०१३ साली आयएस १५९८८ ही मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा साधा आहे. स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी गरज असेल तरच.

पहिला टप्पा डोळ्यांनी पाहण्याचा. यासाठी अर्धा दिवस पुरतो. किती मजले आहेत, कोणत्या साली बांधले, मजले एकदम चढले की टप्प्याटप्प्याने, तळमजला मोकळा आहे का, गॅलरीच्या टोकावर पुढे काढलेला कॉलम आहे का, शेजारची इमारत चिकटून आहे का, काळ्या मातीत पाया किती खोल आहे, काँक्रीट फुटून सळई दिसते का, गच्चीवर कठडा आणि पाण्याच्या टाक्या कशा आहेत, एवढे लिहून काढायचे. हे काम सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि गावातला एखादा डिप्लोमा झालेला तरुण मिळून करू शकतात.

दुसरा टप्पा कनिष्ठ अभियंत्याने करायच्या ढोबळ हिशेबाचा. उदाहरण घेऊ. तीस बाय चाळीस फुटांची गाळ्यांची इमारत, म्हणजे मजल्याला १२०० चौरस फूट. स्लॅब, भिंती, कॉलम सगळे धरून चौरस फुटाला सुमारे १०० किलो वजन पकडा. एका मजल्याचे १२० टन, दोन मजल्यांचे २४० टन. तिसऱ्या विभागात साध्या पद्धतीने बांधलेल्या अशा इमारतीला २०१६ च्या संहितेच्या हिशेबाने वजनाच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढा आडवा जोर धरावा लागतो, म्हणजे १६ टन. खाली नऊ बाय नऊचे बारा कॉलम, तीन-तीनच्या चार ओळी. बारांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ६,२७० चौरस सेंटिमीटर. जोराला क्षेत्रफळाने भागले आणि ओळींच्या मांडणीमुळे मार्गदर्शिकेप्रमाणे दीडपट केले, की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३.८ किलो येतात. ढोबळ मर्यादा ४ किलोची आहे. इमारत जेमतेम पास झाली.

आता मालकाने तिसरा मजला चढवला. वजन ३६० टन, जोर २४ टन, कॉलम तेच. उत्तर येते ५.७ किलो. इमारत नापास. वरून तिला काही झालेले दिसत नाही, रंग नवा आहे, गाळ्यांना भाडे येते आहे. तिसरा मजला चढवल्या दिवसापासून ती नापास आहे, एवढेच. आणि हा हिशेब माल चांगला आहे असे धरून केलेला आहे.

तिसरा टप्पा या ढोबळ हिशेबात जी नापास होतील त्यांच्यासाठी. काँक्रीटचा जोर हातोडीच्या यंत्राने आणि गरज पडल्यास गाभ्याचा नमुना काढून पाहतात. आतली सळई आणि रिंगांचे अंतर यंत्राने किंवा एखाद्या जागी कव्हर फोडून पाहतात. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगाड्याचा पुरता हिशेब मांडतो. याला खर्च येतो, म्हणून पहिल्या दोन टप्प्यांत चाळणी लावायची.

नापास निघाली तर पाडायची का?

नाही. बहुतेकांना पाडण्याची गरज पडत नाही. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ओझे कमी करणे: गच्चीवरची नको असलेली टाकी, विटांचे उंच कठडे, रचून ठेवलेले सामान उतरवा. पुढचा मजला चढवू नका. गाळ्यांच्या इमारतीत मागच्या आणि बाजूच्या भिंतींना तोडीस तोड म्हणून पुढच्या बाजूला दोन टोकांना शटरऐवजी सळईची काँक्रीट भिंत घालता येते. दोन फूट दुकान जाईल, इमारत राहील. कमकुवत कॉलमभोवती निदान चार इंच जाडीचे सळई-रिंगांचे नवे काँक्रीट चढवतात, त्याला जॅकेटिंग म्हणतात. ते पायापासून सुरू झाले पाहिजे आणि मजल्यात न थांबता स्लॅबमधून वर गेले पाहिजे. नुसते प्लॅस्टर जाड केले आणि वरून रंग दिला, याला मजबुतीकरण म्हणत नाहीत. हे काम इंजिनिअरच्या नकाशावरच व्हावे. एकच कॉलम जाड केला तर बिघाड दुसरीकडे सरकतो.

नवे बांधणाऱ्यांसाठी

घर बांधायला काढलेल्या शेतकरी बांधवांनी मिस्त्रीला एवढे तरी सांगावे. कॉलमची कोणतीही बाजू बारा इंचांपेक्षा कमी नको. रिंग अडीच सुती म्हणजे आठ मिलिमीटरची. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला निदान दीड फुटात रिंगा तीन-चार इंचांवर, सांध्यातही रिंगा. रिंगेची दोन्ही टोके काटकोनात न ठेवता आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेली, अडीच इंच तरी लांब. सळईचा जोड मजल्याच्या पातळीवर नको, कॉलमच्या मधल्या भागात घ्या. बीमपेक्षा कॉलम बळकट हवा. माल एकास दीडास तीन, पाणी मोजून. रिंगा घट्ट केल्याने आणि वळवल्याने लोखंडाचा खर्च थोडा वाढतो. घराच्या एकूण खर्चात तो फरशी आणि दरवाजाच्या नक्षीपेक्षा जास्त नसतो. काँक्रीट ओतण्याआधी सळई बांधलेली असताना मोबाईलवर प्रत्येक कॉलमचा फोटो काढून ठेवा. पुढे तपासणीला तोच पुरावा.

ग्रामपंचायतीचे काम

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ खाली गावठाणात बांधकामाला परवानगी ग्रामपंचायत देते. अनेक ठिकाणी ही परवानगी म्हणजे घरपट्टीची नोंद आणि एक शिक्का. त्या अर्जासोबत कॉलम-सळईचा नकाशा आणि इंजिनिअरची सही मागितली, तर कोणाचे नुकसान होणार आहे? मजला चढवायचा अर्ज आला की खालच्या कॉलमचा हिशेब मागा. हिशेब नाही तर परवानगी नाही, एवढा ठराव ग्रामसभेने केला तरी पुष्कळ झाले.

सुरुवात सार्वजनिक इमारतींपासून व्हावी. शाळा पहिली, कारण दुपारी एका छताखाली पोरे बसलेली असतात. मग दवाखाना आणि ग्रामपंचायत, कारण धक्क्यानंतर लोक तिथेच धाव घेणार. मग बाजारातले गाळे. प्रत्येक इमारतीचे एक पान, त्यावर पहिल्या टप्प्याची नोंद आणि ढोबळ हिशेब, अशी एक वही ग्रामपंचायतीत तयार झाली तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे दुरुस्ती मागताना गावाच्या हातात कागद असेल. नुसते निवेदन आणि आकड्यांसह निवेदन यांत साहेबसुद्धा फरक करतात.

किल्लारीनंतर बावन्न गावांना जुने गावठाण सोडून नव्या जागी बसावे लागले. तेव्हा गावाला आधी कळण्याचा काही मार्ग नव्हता, नकाशासुद्धा धोका नाही म्हणत होता. आज मार्गदर्शिका आहे, हिशेब माहीत आहे, तालुक्याला इंजिनिअर आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर "गावातील इमारतींची भूकंप तपासणी" हा विषय घ्यावा आणि पहिल्या नोंदीसाठी शाळेचे नाव लिहावे.